होडीला विजेची मोटर लावताय? आधी परतीचा हिशोब करा

विजेची मोटर घेऊन मी पहिल्यांदा गावी उतरलो, तेव्हा ते लांबडं खोकं बघून तात्यांनी विचारलं, "आता काय ट्रॉलर टाकतोस काय रे?" आमच्या खाडीकाठी ट्रॉलर म्हणजे डिझेलचं धूड, मागे पिशवीसारखं जाळं ओढत तळ खरवडणारं. खोक्यावर लिहिलं होतं 'ट्रोलिंग मोटर'. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत, मराठी कानाला मात्र एकच ऐकू येतात. चालत्या होडीमागे गळ सोडून हळूहळू फिरत राहायचं, त्याला ट्रोलिंग म्हणतात. ही मोटर त्यासाठी केलेली: सावकाश चालायला, आणि मासा बिचकणार नाही इतक्या कमी आवाजात. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढची बरीच निराशा टळते. मोटर घेतलेल्या दहातल्या नऊ जणांची तक्रार "पळत नाही" ही असते, आणि ती पळण्यासाठी केलेलीच नसते.

कल्पना बरीच जुनी आहे. १८८१ साली गुस्ताव्ह त्रुव्हे नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसमध्ये सेन नदीवर होडीच्या मागे काढता-घालता येणारी विजेची मोटर चालवून दाखवली होती. गरवणाऱ्यांसाठीची, म्हणजे गळाने मासे पकडणाऱ्यांसाठीची, आजची मोटर अमेरिकेतली. १९३४ साली नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट यांनी ती बनवली. गाव मिनेसोटाच्या सीमेवर, म्हणून कंपनीचं नाव मिन कोटा. तिथली तळी शांत असतात. आपली खाडी तशी नाही, आणि माझी फजिती तिथेच झाली.

पहिल्या वर्षी मी चांगली ५५ पाउंडी मोटर घेतली आणि बॅटरी मात्र शहरातल्या एका दुकानातून गाडीची आणली. "साहेब, नवी कोरी आहे, ७० एएच," एवढ्यावर माझं समाधान झालं. (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप.) डिसेंबरात आम्ही तिघं ओहोटीबरोबर वाशिष्ठीच्या खाडीत खाली गेलो, कांदळवनाच्या कडेने तांबोशी गरवायला. जाताना मोटर जवळजवळ लागलीच नाही, पाण्यानेच नेलं. परत फिरलो तेव्हा ओहोटी अजून जोरात होती. मोटर पूर्ण जोरावर लावली. पंखा घरघरत होता, होडीच्या दोन्ही अंगांनी पाणी सळसळत मागे जात होतं, छान वेग आहे असं वाटत होतं. मग माझं लक्ष काठावरच्या एका तिवराच्या झाडाकडे गेलं. त्याची एक फांदी मोडून पाण्यात लोंबत होती. पाच मिनिटांनी पाहिलं तर ते झाड तिथेच. दहा मिनिटांनीही तिथेच. थोड्या वेळाने झाड हळूच पुढे सरकायला लागलं, म्हणजे आम्ही मागे जायला लागलो होतो. बॅटरी बसली होती.

वल्ही होती म्हणून काठ गाठला आणि चिखलात बसून भरती लागायची वाट पाहिली. तेव्हापासून कुणी विचारलं की "कुठली मोटर घेऊ?", मी उलट विचारतो, "परत कसा येणार?" तो हिशोब आधी, मोटर नंतर.

पाणी कुठलं आहे?

धरणाच्या जलाशयात, म्हणजे उजनी किंवा मुळशीसारख्या ठिकाणी, प्रवाह जवळपास नसतो. तिथे शत्रू वारा. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी लाटा मारायला लागतं, आणि रिकामी, हलकी, उंच कडांची होडी वाऱ्यावर कागदासारखी वाहते. उजनीकडे आणखी एक पीडा आहे, जलपर्णीची. तिची मुळं पंख्याला गुंडाळली की मोटर गरम होते आणि विनाकारण दुप्पट वीज ओढते. गवत सहज सुटेल अशा, मागे वळलेल्या पात्यांचा पंखा मिळतो, तो तिथे घ्यावा.

खाडीत वाऱ्यापेक्षा प्रवाह मोठा. तो सहा तास सारखाही नसतो. भरती सुरू होताना आणि संपताना पाणी सुस्त असतं, मधल्या दोन तासांत जोर सगळ्यात जास्त. उधाणाला म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हा जोर वाढतो, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, कमी होतो. खाडीकाठच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. सांगावं लागतं ते शहरातून शनिवार-रविवार येणाऱ्या माझ्यासारख्याला, कारण आम्ही तिथी न बघता सुट्टी बघून निघतो.

या मोटरी बहुतेक ताशी ७-८ किलोमीटरच्या वर जात नाहीत. भरलेल्या होडीवर साडेसहा धरा. समोरून ताशी ३ किलोमीटरचा प्रवाह असेल तर काठाच्या हिशोबाने तुम्ही ताशी साडेतीनच सरकता. प्रवाह ५ चा झाला तर उरला दीड. माझ्या त्या तिवराच्या झाडाचं गणित एवढंच होतं.

पाउंड म्हणजे वेग नव्हे

मोटरीवर ३०, ४०, ५५, ८० असे आकडे असतात. हे पाउंडातले 'थ्रस्ट', म्हणजे ती पाण्याला किती जोराने मागे ढकलते ते. ५५ पाउंड म्हणजे सुमारे २५ किलो. होडी बांधून ठेवली आणि मोटर लावली तर दोरीवर २५ किलोचं पोतं टांगल्याएवढा ताण येईल, असं समजा. त्याचा वेगाशी थेट संबंध नाही. ३० पाउंडवाली आणि ५५ पाउंडवाली मोटर एकाच हलक्या होडीला शांत पाण्यात जवळपास सारखीच पळवतात. फरक पडतो तो वजन वाढलं की, वारा सुटला की, प्रवाह आडवा आला की. तिथे ३० वाली दमते, ५५ वाली तग धरते.

वेगाला वर एक छतही आहे. पाणी कापत जाणारी लहान होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. १२ फुटी होडीसाठी ही मर्यादा ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास येते. त्याच्या पुढे जायचं तर होडी पाण्यावर उचलली जाईल इतकी ताकद लागते, आणि ती या मोटरीत नाही. ५५ पाउंडी मोटर पूर्ण जोरावर १२ व्होल्टवर सुमारे ५० अँपिअर घेते, म्हणजे ६०० वॅट. तुमच्या स्वयंपाकघरातला मिक्सर तेवढाच असतो. तीन माणसं आणि होडी मिक्सरवर चालली आहे हे डोक्यात ठेवलं की अपेक्षा ठिकाणावर राहतात.

किती पाउंड घ्यायची याचा ठोकताळा असा: होडी, माणसं, बॅटरी, सामान, सगळं वजन किलोत मिळवा आणि त्याला २२-२३ ने भागा. आलेला आकडा म्हणजे कमीत कमी पाउंड. आमची फायबरची होडी ११० किलो, तीन माणसं २१०, बॅटरी ५५, जाळं-डबा-पाण्याचा कॅन २५. एकूण ४००, म्हणजे साधारण १८ पाउंड. शांत तळ्यात ३० वाली पुरे. धरणात वारा असेल तर दुप्पट धरून ४०. खाडीत तिप्पट धरा, ५५.

५५ च्या पुढे जायचं का, हा प्रश्न पुढे येतोच. ५५ पाउंडांपर्यंतच्या मोटरी साधारण १२ व्होल्टवर चालतात, ७०-८० वाल्यांना २४ व्होल्ट लागतात आणि शंभरच्या वरच्यांना ३६. म्हणजे दोन किंवा तीन बॅटऱ्या. १२ फुटी होडीत त्या ठेवल्यावर माशाला जागा कुठे? लहान होडीला १२ व्होल्टच बरी, हे माझं मत. १६ फुटांच्या पुढची होडी असेल तर वेगळा विचार करा.

मोटरीचा दांडा किती लांब घ्यायचा हे होडीवरच मोजून ठरवावं. पंख्याचं वरचं टोक पाण्याखाली वीतभर तरी हवं. लाटेवर पंखा बाहेर आला की नुसता हवेत फिरतो. ३०, ३६ आणि ४२ इंची दांडे सर्रास मिळतात. आणि जुन्या घडणीच्या होडीला दोन्ही टोकं निमुळती असतील, मागे सपाट फळीच नसेल, तर मोटर अडकवायला बाजूला लाकडी आडणी करून घ्यावी लागते. गावातला सुतार ती करतो. सागाची करायला सांगा आणि नट-बोल्ट स्टेनलेसचे लावा.

आता मोटर घेतानाची खरी निवड. स्वस्त मोटरीत पाच पुढचे, तीन मागचे असे टप्पे असतात. त्यात वेग कमी केला तरी विजेचा काही भाग उष्णता होऊन वाया जातो. महागात वेग सलग कमी-जास्त होतो, त्यात आत एक इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि लागेल तेवढीच वीज घेतो. पूर्ण जोरावर दोन्ही सारख्याच. हळू चालवताना मात्र दुसरी कितीतरी जास्त वेळ टिकते, आणि गरवताना आपण नव्वद टक्के वेळ हळूच असतो. पैसे घालायचे असतील तर इथे घाला. जीपीएसवर जागा धरून ठेवणारी मोटर ही चैन आहे. प्रवाहात ती सतत वीज खाते, आणि तेच काम दगडाचा नांगर फुकटात करतो.

बॅटरी: विहीर आणि पंप

बॅटरीवर १०० एएच लिहिलं असतं. ५० अँपिअरची मोटर दोन तास चालेल, असं कुणीही म्हणेल. चालत नाही.

आमच्या परसातली विहीर आठवा. बादलीने दिवसभर शेंदलं तरी पाणी हटत नाही, झरे भरत राहतात. त्याच विहिरीवर मोठा पंप लावला की तासात तळ दिसतो. पाणी संपलेलं नसतं, झऱ्यांना वेळ मिळालेला नसतो. पंप बंद करून जेवून आलात की पुन्हा हातभर पाणी. शिशाच्या बॅटरीत अगदी हेच होतं. आतलं ॲसिड पत्र्यांच्या छिद्रांत मुरायला वेळ लागतो. हळू वीज काढली तर मुरतं, जोरात काढली तर मागे पडतं. बसलेली बॅटरी अर्ध्या तासाने पुन्हा दहा मिनिटं चालते, ती याचमुळे.

१०० एएच हा आकडा आपल्याकडच्या इन्व्हर्टर बॅटऱ्यांवर साधारणपणे २० तासांच्या हिशोबाने दिलेला असतो: ५ अँपिअर, २० तास. विल्हेल्म पॉइकर्ट या जर्मन अभ्यासकाने १८९७ साली या घसरणीचं सूत्र मांडलं. त्यात सर्वसाधारण शिशाच्या बॅटरीचे आकडे घातले तर ५० अँपिअरवर १०० एएच बॅटरी सुमारे १ तास ७ मिनिटं देते, दोन तास नव्हे. त्यातही ती दरवेळी पूर्ण रिकामी केली तर आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून अर्ध्यावर थांबायचं. हातात राहिला अर्धा तास. दुकानात हा आकडा कुणी सांगत नाही.

आता परतीचा हिशोब या बॅटरीवर करून बघू. परत यायचं अंतर ३ किलोमीटर, समोरून ताशी ३ चा प्रवाह. पूर्ण जोरावर साडेसहाचा वेग, सरकणं साडेतीनचं, म्हणजे ५१ मिनिटं ५० अँपिअरवर. बॅटरी घाटाला टेकेपर्यंत मरणपंथाला. त्याऐवजी पाणी सुस्त व्हायची वाट पाहिली आणि ताशी ४ च्या वेगाने निघालो तर? वेळ लागतो ४५ मिनिटं. पण पाण्यात ताकदीचा हिशोब वेगाच्या घनाने वाढतो, म्हणून चारच्या वेगाला मोटर १२ ते १५ अँपिअरच घेते. सगळी परतफेरी १० एएचच्या आसपास. वेळ जवळपास तोच, वीज चौथाईहून कमी. मोटर बदलली नाही, बॅटरी बदलली नाही, फक्त निघायची वेळ बदलली.

कुठली बॅटरी नको ते आधी सांगतो. गाडीची नको. तिच्यात पातळ पत्रे दाटीने बसवलेले असतात, कारण तिला काही सेकंद प्रचंड वीज देऊन स्टार्टर फिरवायचा असतो. मग लगेच गाडी तिला पुन्हा भरते. तिला तासभर पिळून रिकामी केली की ते पत्रे झडायला लागतात. माझी ती ७० एएच दुसऱ्या हंगामालाच कामातून गेली.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी सगळ्यांच्या घरात असते, म्हणून बहुतेकजण तिच्यापासून सुरुवात करतात, आणि ते अगदीच चुकीचं नाही. ती सावकाश आणि खोलवर रिकामी व्हायलाच बनवलेली आहे. अडचणी दोन. १५० एएचची ॲसिडसकट ५५-६० किलो भरते, चिखलातून होडीपर्यंत न्यायला दोन धडधाकट माणसं लागतात. दुसरी, ती उघडी आहे. होडी कलली की झाकणांतून ॲसिड सांडतं. आणि ॲसिडच्या बॅटरीत खारं पाणी शिरलं तर क्लोरीन वायू तयार होतो, हे गमतीत घेण्यासारखं नाही. वापरायचीच तर प्लॅस्टिकच्या खोल खोक्यात घट्ट बांधून, मधोमध, तळाला ठेवा. यूपीएसला लावतात ती बंद, 'एसएमएफ' म्हणतात ती बॅटरी सांडत नाही. किंमत जरा जास्त, आयुष्य ट्यूब्युलरपेक्षा कमी, पण होडीसाठी सोयीची.

तिसरा रस्ता लिथियमचा, नेमकं सांगायचं तर लिथियम आयर्न फॉस्फेट. १०० एएचची १२-१३ किलो, एका हातात उचलता येते. विहिरीचा नियम तिला जवळपास लागू नाही. ५० अँपिअरवरही ती दोन तासांच्या आसपास देते आणि ८०-९० टक्के वापरली तरी तिचं काही बिघडत नाही. पहिल्यांदा किंमत ऐकून तात्या म्हणाले होते, "एवढ्यात म्हैस येते." पण दर दोन-तीन वर्षांनी शिशाची बदलणाऱ्याला लिथियम शेवटी महाग पडत नाही.

तिचे स्वतःचे नखरे आहेत. शिशाची बॅटरी दमत दमत बसते, आवाजावरून कळतं. लिथियम शेवटपर्यंत ताठ चालते आणि दिवा विझावा तशी बंद पडते, कारण आतला रखवालदार, म्हणजे बीएमएस सर्किट, वीज तोडतं. व्होल्टमीटरवर अंदाजही येत नाही. शिशाची बॅटरी विसावलेली असताना १२.७ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, सरळ हिशोब. लिथियम बराच काळ १३.३ ते १३.० च्या दरम्यानच रेंगाळते. तिच्यासाठी शंटचा मीटर लावा, तो आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजतो. आणि घेताना बीएमएस किती अँपिअरचं आहे ते विचारा. ५० अँपिअरच्या मोटरीला ५० चं बीएमएस लावलं तर ऐन प्रवाहात ते हात वर करतं. १०० चं घ्या.

आणखी एक सावधगिरी, खास आपल्याकडची. ई-रिक्षा आणि स्कूटरच्या जुन्या सेलमधून '१२ व्होल्टची लिथियम' जोडून देणारे आता तालुक्याच्या गावी सुद्धा आहेत. त्यांतले काही कारागीर उत्तम आहेत. पण विचारा: सेल कुठले आणि किती ओळीत? फॉस्फेटचे चार सेल जोडले की १२.८ व्होल्ट होतात, भरल्यावर १४.६ पर्यंत. हे मोटरीला चालतं. दुसऱ्या जातीचे, एनएमसीचे चार जोडले तर भरलेली बॅटरी १६.८ व्होल्टला जाते, आणि सलग वेगाच्या मोटरीतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट जळू शकतं. शिवाय एनएमसी आगीला जास्त लवकर भिडते, आणि होडीत आग लागली तर पळायला जागा नसते.

एकूण ऊर्जा किती असते ते एकदा बघा. १०० एएच, १२ व्होल्ट: १२०० वॅट-तास, म्हणजे वीजबिलातलं सव्वा युनिट. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. लहान इंजिनात त्यातली बहुतेक धुराड्यातून जाते, तरी एक लिटर पेट्रोल भरलेल्या बॅटरीला भारीच पडतं. म्हणून दूर समुद्रात जाणाऱ्याने या मोटरीच्या भरवशावर जाऊ नये. ती खाडीची आणि तळ्याची.

वायर

इथे लोक इतके चुकतात की वेगळं सांगतो. बॅटरी पुढे, मोटर मागे, जाऊन-येऊन ६ मीटर वायर. घरातली उरलेली ४ स्क्वेअर एमएमची वायर लावली तर ५० अँपिअरवर तिच्यातच सुमारे १.३ व्होल्ट पडतात. १२ तले दहावा हिस्सा गेला, आणि ६५ वॅट वायर तापवण्यात. हात लावला तर चटका बसतो. १६ स्क्वेअरची लावली तर नुकसान पाव-अर्ध्या व्होल्टात राहतं. खाऱ्या हवेत कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर टिकते. साधी आतून हिरवी पडते.

बॅटरीपासून वीतभर अंतरातच ६० अँपिअरचा ब्रेकर हवा, डीसीसाठी म्हणजे बॅटरीच्या विजेसाठी बनवलेला. घरातला एमसीबी एसीसाठी असतो. डीसीची ठिणगी सहज विझत नाही आणि त्याचे टोक वितळून चिकटू शकतात. मग तो ब्रेकर नुसता शोभेचा.

चार्जर

चार्जर बॅटरीच्या जातीचा हवा. चांगला चार्जर शिशाच्या बॅटरीला तीन टप्प्यांत भरतो. आधी जोरात, मग १४.४ ते १४.८ व्होल्टवर धरून सावकाश, शेवटी १३.५ च्या आसपास नुसती राखण. जेलच्या (आत घट्ट ॲसिड असलेल्या) बॅटरीला हे व्होल्ट जास्त होतात, तिच्या अंगावर लिहिलेला आकडा पाळा. लिथियमला १४.४-१४.६ आणि बस्स, राखण नको. काही चार्जर शिशाच्या पत्र्यांवरचं किटण काढायला मधूनच जास्त व्होल्टचे झटके देतात. लिथियमच्या बीएमएसला ते सोसत नाहीत. आणि बीएमएसने वीज तोडली की काही चार्जरांना समोर बॅटरीच दिसत नाही. लाल दिवा लावून ते गप्प बसतात आणि माणूस समजतो बॅटरी मेली.

चार्जर किती अँपिअरचा: शिशाच्या बॅटरीला एएचच्या दहा टक्के अँपिअर, फार तर वीस. १०० एएचला १० चा चार्जर. अर्धी रिकामी असेल तर चार-पाच तास भराभर, मग आणखी दोन-तीन तास मुरवणं. म्हणजे संध्याकाळी आल्या आल्या लावायची, सकाळी काढायची. "उद्या लावू" म्हणून तीन दिवस रिकामी ठेवली की तिच्या पत्र्यांवर किटण घट्ट बसतं. लिथियमला घाई नाही, २० अँपिअरच्या चार्जरने ८० एएच चार तासांत परत येतात.

ट्यूब्युलर बॅटरी घरच्या इन्व्हर्टरवर भरायला हरकत नाही, मागचा बटन 'ट्यूब्युलर'वर आहे ना ते बघा. लिथियम मात्र जुन्या इन्व्हर्टरला लावू नका. गावी वीज जाते म्हणून सौर पॅनेलचा विचार सगळे करतात. १०० वॅटचं पॅनेल कडक उन्हात ५-६ अँपिअर देतं, दिवसाकाठी सुमारे ३० एएच. आठवड्यातून एकदा जाणाऱ्याला पुष्कळ, रोज जाणाऱ्याला अपुरं.

चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. आमच्याकडे पहिल्यांदा ती माजघरात ठेवली होती, आणि भिंतीपलीकडे देवघरात समई. काकूंनी ॲसिडच्या वासावरून ओरडून बाहेर काढायला लावली. ओटीवर, मोकळ्या हवेत लावा. आधी चिमटे जोडायचे, मग बटन. काढताना उलट.

खारं पाणी आणि पावसाळा

गोड्या पाण्यासाठीची मोटर खाडीत वापरली की वर्षात तिचे स्क्रू हाताने चुरतात. खाऱ्यासाठीची वेगळी येते, तिला जस्ताचा एक तुकडा लावलेला असतो. तो स्वतः गंजून बाकीचं वाचवतो. अर्धा झिजला की बदला, आणि त्याला रंग लावू नका. घरी आल्यावर बादलीभर गोडं पाणी. महिन्यातून एकदा पंखा काढून मागे बघा. तिथे तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गुंडाळलेली असते. मागच्या मार्चमध्ये आमच्या पंख्यामागे दोन हात तंगूस निघाली, सील कापायला अगदी केसाएवढं उरलं होतं. सील गेलं की पाणी आत, मोटर संपली. पंखा दगडावर आपटला तर मोडावी म्हणून एक छोटी पिन मुद्दाम नाजूक केलेली असते. दोन जादा पिना आणि पाना होडीतच ठेवा. आमच्या पिना तंबाखूच्या जुन्या डबीत असतात. तात्या दर वेळी ती चुन्याची समजून उघडतात.

जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत होडी उलटी घालून ठेवतो. शिशाची बॅटरी पूर्ण भरूनच ठेवायची आणि महिन्यातून एकदा चार्जर लावायचा, दमट गरम हवेत ती आपोआप उतरते. डिस्टिल्ड पाण्याची पातळी बघायची, विहिरीचं घालायचं नाही. लिथियम उलट अर्धीच भरून, वायरी सोडवून, कोरड्या जागी. आमची पावसाळाभर माळ्यावर तांदळाच्या कणगीशेजारी असते. काकूंना ते पसंत नाही, पण घरात दुसरी कोरडी जागा नाही.